सहीखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. परीक्षेला तुम्ही जे पॅड नेता ना, मी त्याच्या आजीच्या वयाची. माझ्यावर कुणी गणिते सोडवली नाहीत की निबंध लिहिले नाहीत. माझ्यावर आजारी माणसांनी सह्या केल्या, कुणी पलंगावर बसून, कुणी पडल्या पडल्या. एका नोटरीसाहेबांच्या पिशवीत माझा सारा जन्म गेला. नोटरी म्हणजे कोण, असे विचाराल, म्हणून आधीच सांगते. ही सही याच माणसाने केली, समजून-उमजून केली आणि कुणाच्या धाकाने केली नाही, अशी ग्वाही देणारा माणूस. ज्यांना चालता येते ते त्यांच्या कार्यालयात जातात. ज्यांना पलंगावरून उठता येत नाही, त्यांच्याकडे साहेब स्वतः जात. मग मीही जाई.

माझ्या जन्माला एक उशी कारण झाली. साहेब तेव्हा तरुण होते. एका आजोबांनी उशीवर कागद ठेवून सही करायला घेतली आणि पेन कागदातून आरपार उशीत घुसले. कागद फुकट गेला, उशीला भोक पडले आणि घरच्यांचे टोमणे ऐकावे लागले ते वेगळेच. साहेब तडक सुताराकडे गेले.

"अहो, सही टेबलावर करतात. फळी कशाला हवी?" सुतार म्हणाला.

"टेबल पलंगावर चढत नाही हो," साहेब म्हणाले.

दाराच्या लाकडातून उरलेला एक तुकडा कोपऱ्यात धूळ खात पडला होता. तो म्हणजे मी. सुताराने मला रंधून पातळ केले, घासून गुळगुळीत केले. मग एक गंमत केली. तो स्वतः बाकावर उताणा झोपला आणि मला पोटावर ठेवून हवेतच सही करून पाहिली. माझी कड त्याला टोचली. तो "हाय रे!" करत उठला आणि पोटाकडची कड त्याने अर्धगोल कापून टाकली. चारही कोपरे गोल केले. पेन घरंगळू नये म्हणून वरच्या बाजूला एक बारीक पट्टी ठोकली आणि कागद धरायला पितळी चाप बसवला. एवढ्या मायेने आजकाल पलंगही कुणी करत नाही, फळी तर लांबच.

साहेबांच्या पिशवीत माझ्या शेजारी लोखंडी शिक्का राहत असे. अंगाने जड आणि बोलायला त्याहून जड. "माझा ठसा नसेल, तर तो कागद म्हणजे रद्दी," असे तो ऊठसूट ऐकवायचा. मी म्हणायचे, "बाबा रे, तुझा ठसा उमटायला खाली पाठ कुणाची लागते?" आमचे भांडण असे वर्षानुवर्षे चालले. आज तो कुठे आहे मला ठाऊक नाही, आणि खरे सांगते, त्याची बढाई ऐकायला कान आसुसले आहेत.

किती घरे पाहिली मी! काही घरांत पलंग खिडकीशी असायचा, काही घरांत भिंतीकडे तोंड करून. औषधांचा वास सगळीकडे सारखाच, पण त्याखाली प्रत्येक घराचा आपापला वास असे. हात तर नाना तऱ्हेचे. एका जुन्या ट्रकचालकाने मला दोन्ही हातांनी असे धरले होते, जणू पुढे रस्ता आहे. एका निवृत्त बँक कारकुनाने साहेबांचेच ओळखपत्र उलटसुलट करून तपासले आणि "फोटो जुना आहे" असे सुनावले. एक आजी सहीआधी वर्तमानपत्राच्या कडेवर सराव करत बसल्या आणि खऱ्या सहीच्या वेळी पेनची शाईच संपली. त्या इतक्या हसल्या की खोकला आवरेना. मला ते दिवस फार आठवतात.

साहेबांच्या काही रीती होत्या. सही होईपर्यंत ते कुणाच्या घरचे पाणीसुद्धा घेत नसत. "ज्यांचा चहा प्यायलो, त्यांना 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही," असे म्हणायचे. सही झाली की मात्र दोन कप हक्काने मागून घेत. दुसरी रीत अशी, की ते घरच्यांना खोलीबाहेर काढून दार लावून घेत. मुले, सुना, जावई बाहेर दाराला कान लावून उभे राहत. ते साहेबांना ठाऊक असायचे, म्हणून ते हळू बोलत. आणि तिसरी रीत सगळ्यांत महत्त्वाची. ते कागद माझ्यावर पालथा घालत आणि आजाऱ्याला म्हणत, "आता यात काय लिहिलंय ते मला तुमच्या शब्दांत सांगा." ज्याला सांगता येई, त्याचीच सही ते घेत.

ही रीत एकदा फार महागात पडणार होती. तीच गोष्ट मला सांगायची आहे.

गावाच्या टोकाला एक वृद्धाश्रम होता. तिथे एक बाई राहत होत्या. त्या पूर्वी एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून अख्खा आश्रम त्यांना 'मोठ्या बाई' म्हणे. त्यांना एक आजार जडला होता. त्यात हात बरे राहिले, पण पायांतले बळ गेले आणि जीभ दिवसेंदिवस जड होत चालली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की थोड्याच दिवसांत बोलणे पूर्ण जाईल आणि पुढे कधीतरी श्वासही अडेल. बाईंना त्याआधी वैद्यकीय इच्छापत्र करायचे होते. मित्रांनो, मृत्युपत्रात आपल्यामागे घर कुणाला आणि दागिने कुणाला, हे लिहितात. वैद्यकीय इच्छापत्र वेगळे असते. माणूस जिवंत आहे पण त्याला बोलता येत नाही, अशा वेळी डॉक्टरांनी काय करावे आणि काय करू नये, हे त्यात आधीच लिहून ठेवतात.

बाईंना दोन मुले. थोरली ताई, तीही शिक्षिकाच. धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनाचे काम करायचा आणि महिनोन्‌महिने समुद्रात असायचा. हा कागद धाकट्याला मुळीच पसंत नव्हता. "आईला मरू द्यायचा कागद करताय तुम्ही," असे तो फोनवर ओरडला आणि त्यानंतर त्याने फोन करणेच सोडले. म्हणजे एकीकडे बाईंची वाचा चाललेली, दुसरीकडे मुलगा रुसलेला, आणि कागद व्हायचा तर आताच व्हायला हवा होता.

आम्ही गेलो, तेव्हा खोली अशी लखलखीत आवरलेली की शाळेत तपासनीस येणार असावेत. बाई इस्त्रीच्या कपड्यांत पलंगावर ताठ बसल्या होत्या. ताईच्या कपाळावर घाम होता. साहेबांनी तिला बाहेर जायला सांगितले. जाता जाता ती बाईंच्या कानात कुजबुजली, "घाबरू नकोस. सगळं येतंय तुला."

साहेबांनी खुर्ची पलंगाशी ओढली आणि मला बाईंच्या मांडीवर ठेवले.

"बाई, आज वार कोणता?" त्यांनी सहज विचारले.

"प्रश्न... पहिला," बाई जड जिभेने म्हणाल्या. "उत्तर. आज... मंगळवार आहे."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी कागद माझ्यावर पालथा घातला आणि नेहमीचे वाक्य म्हटले. बाईंनी डोळे मिटले, हाताची घडी घातली आणि सुरुवात केली. "मी... खाली सही करणार... पूर्ण शुद्धीवर असून... कोणत्याही दडपणाविना..." एकेक शब्द ओझ्यासारखा उचलून त्या पुढे ठेवत होत्या, पण शब्द सगळे कागदावरचेच होते. कृत्रिम श्वसन, नलिकेद्वारे अन्न, उपरोक्त, तदनुसार! कागदातल्या स्वल्पविरामाला त्या थांबत होत्या आणि पूर्णविरामाला श्वास घेत होत्या. काना-मात्रेचीही चूक नाही. शेवटी डोळे उघडून त्यांनी साहेबांकडे पाहिले. शाबासकीची वाट पाहणारी ती नजर होती.

साहेबांनी पेनला टोपण लावले. टोपण लागले की सही नाही, हे मला माहीत होते.

"बाई, मी हा कागद आज करू शकत नाही," ते म्हणाले. "हे पाठ केलेलं आहे."

दार धाडकन उघडले. कान लावून उभीच होती ताई.

"पण एकही चूक नाही केली तिने!"

"तीच तर पंचाईत आहे, ताई."

"आठवडाभर रोज तयारी करून घेतलीये मी. तुम्ही काय काय विचारता ते दोन-चार जणांना विचारून ठेवलं होतं. म्हटलं, ऐन वेळी तिला काही आठवलं नाही, तर तुम्ही नापास कराल."

"पोपटपंची ऐकून मी शिक्का मारला, आणि उद्या कुणी विचारलं की हे आईचं म्हणणं की मुलीचं, तर मी काय सांगू?"

ताई मटकन खाली बसली. "अहो, तिची वाचा चाललीये. पुढच्या आठवड्यात तिला बोलता आलं नाही तर? मग बाबांसारखंच होणार तिचं." आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. शिक्षकांच्या घरातच होऊ शकेल अशी ही चूक होती. एवढी मोठी गोष्ट त्यांनी तोंडी परीक्षा समजून घोकली होती. मला हसू येत होते आणि गलबलूनही येत होते.

बाई मात्र रडल्या नाहीत. त्या रागावल्या होत्या. "आयुष्यात... पहिल्यांदा... नापास," त्या म्हणाल्या.

"नापास नाही, बाई. पेपरच चुकीचा काढला होता," साहेब म्हणाले. "मी कुठे पळून चाललोय? बसलोय. ताई, तुम्ही जरा बागेत फेरी मारून या. बागेत, बरं का. दाराशी नाही."

ती गेल्यावर साहेबांनी कागद चापातून काढून पिशवीत टाकला. माझ्यावर काहीच राहिले नाही. बाईंनी त्यांचे दोन्ही तळवे माझ्यावर टेकले.

"सरांचं काय झालं होतं?" साहेबांनी विचारले. सर म्हणजे बाईंचे यजमान. तेही शिक्षकच होते.

बाई बोलू लागल्या, तेव्हा त्यात उपरोक्तही नव्हते आणि तदनुसारही नव्हते.

"हात बांधले होते त्यांचे. पलंगाला. नळी ओढतील म्हणून. त्यांना नळी नव्हती ओढायची. माझा हात... धरायचा होता. मला कळत होतं. मी सांगत होते. कोणी... ऐकलं नाही."

त्यांची बोटे माझी कड घट्ट धरून होती. मित्रांनो, मी लाकूड आहे, पण त्या वेळी मला वाटले की आपण लाकूड नसतो तर बरे झाले असते, निदान त्यांचा हात धरता आला असता.

"मग तुमच्यासाठी काय हवंय?" साहेबांनी हळूच विचारले.

"यंत्र नको. नळी नको." बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "पण."

साहेब पुढे झुकले. आधीच्या कागदात 'पण' कुठेच नव्हता.

"धाकटा... रागावलाय माझ्यावर. तो दूर असताना मी गेले, तर तो... जन्मभर स्वतःला खाईल. तो येईपर्यंत ठेवा मला. यंत्रावर ठेवा. तो आला... की सोडा."

"तुम्हाला त्रास होईल, बाई. सरांना झाला तसा."

"होऊ दे. हात... तेवढे बांधू नका."

"आणि तो आलाच नाही तर? जहाजावर आहे तो."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. "एक आठवडा. जास्त नाही. शाळेतही... उशिरा यायचा. तिथेही... जास्त सवलत दिली नव्हती."

"हे तुम्ही ताईला का नाही सांगितलं?"

"तिने विचारलं... पाठ झालं का. मी म्हटलं... झालं."

साहेबांनी कोरा कागद घेतला, मला बाईंच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि लिहायला बसले. बाई बोलल्या तसेच्या तसे त्यांनी लिहिले, सवलतीचे वाक्यसुद्धा. कायद्याला लागणारी चार वाक्ये वर आणि खाली घातली. लिहून झाल्यावर बाईंनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि साहेबांच्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. साहेबांनी मुकाट्याने त्या दुरुस्त्यांपाशी सही केली. वकिली करून करून पांढरे झालेले केस, पण त्या वेळी ते चौथीतल्या मुलासारखे दिसत होते.

मग साक्षीदार म्हणून शेजारच्या खोलीतले शिंपीकाका आणि त्यांच्या पत्नी आल्या. बागेतून ताई आली. साहेबांनी कागद मोठ्याने वाचून दाखवला. धाकट्याचा मजकूर आला तशी ताईची मान खाली गेली. वाचन संपले. शेवटी तिच्या तोंडून निघालेच.

"इतकी वर्षं मी करतेय तुझं. आणि थांबायचं मात्र त्याच्यासाठी?"

खोलीत सगळे अवघडले. शिंपीकाका छताकडे बघू लागले. बाईंनी हात पुढे करून ताईची हनुवटी वर उचलली.

"तू... इथेच आहेस ना गं," त्या म्हणाल्या. "तुझी वाट... कशाला बघू?"

ताईने आईच्या कुशीत तोंड लपवले. त्यानंतर बाईंनी सही केली. सही मोठी, ठसठशीत, मुख्याध्यापिकेचीच होती. पेनाचा एवढा दाब माझ्यावर त्याआधी कुणी दिला नव्हता. शिक्क्याने आपला ठसा उमटवला. साहेबांनी दोन कप चहा मागितला.

पुढे थोड्याच दिवसांत बाईंचे बोलणे गेले. ऋतू बदलला आणि एक दिवस ताई आणि धाकटा, दोघे साहेबांच्या कार्यालयात आले. मी तेव्हा टेबलावरच होते. धाकटा चांगला आडदांड गडी होता, हाताला तेलाचे डाग पडलेला. त्याला बसायला खुर्ची पुरेना. सांगायला सुरुवात त्यानेच केली.

बाईंचा श्वास अडला, तेव्हा ताईने कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांनी बाईंना यंत्रावर ठेवले आणि हात मोकळे सोडले. ताई रात्रंदिवस उशाशी बसून होती. धाकट्याला निरोप मिळाला. एका बंदरावर तो उतरला, मिळेल त्या वाहनाने निघाला आणि सामानासकट थेट रुग्णालयात येऊन धडकला. आल्या आल्या तो बहिणीवर भडकला. "तूच लिहून घेतलं असशील हे सगळं!" डॉक्टरांनी त्याच्या हातात कागद दिला.

"वाचत वाचत सवलतीपर्यंत आलो," धाकटा म्हणाला, "आणि तिथेच खाली बसलो, साहेब. हे ताईचं नाही. हे तुमचंही नाही. असं फक्त आमची आईच बोलते."

"मग?" साहेबांनी विचारले.

"मग आत गेलो. नळ्यांमुळे तिला काही बोलता येत नव्हतं. मी वाकलो, म्हटलं, आई, आलो गं. तिने डोळे उघडले. हात उचलला. मला वाटलं, गालावरून फिरवणार. तिने माझा कान धरला. पिळला चांगला. उशीर केलास म्हणून. एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. मग गालावरून हात फिरवला आणि नळीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांना 'काढा' म्हणून मीच सांगितलं, साहेब. कोणी मला सांगायला लावलं नाही."

बोलता बोलता तो स्वतःचा कान चोळत होता. ताई हसत होती आणि डोळे पुसत होती. साहेब खिडकीबाहेर पाहत राहिले.

मित्रांनो, त्यानंतरही मी पुष्कळ वर्षे काम केले. मग साहेब थकले. त्यांचे काम त्यांच्या पुतणीने घेतले. तिने एक चकचकीत प्लास्टिकचे पॅड आणले. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरे काय! त्या पॅडचा मला राग नाही, पण त्याला पोटाकडची कड गोल नाही, एवढे सांगून ठेवते. मला साहेबांच्या घरी आणले. चाप कुठे पडला, कळले नाही. आता मी स्वयंपाकघरात ओट्यावर असते आणि माझ्यावर गरम पातेली ठेवतात. बुडांचे काळे गोल माझ्या अंगावर उमटले आहेत.

त्याचेही मला एवढे वाटत नाही. वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. साहेब आता बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून असतात. ऐकू कमी येते. बोलतात अजून, पण हळू आणि थोडे. त्यांची मुले स्वयंपाकघरात येऊन आपसात बोलतात. बाबांचे ऑपरेशन करायचे का, बाबांना इथे ठेवायचे की आश्रमात, बाबांना काय वाटेल, बाबांना काय झेपेल. मुले चांगली आहेत. जीव आहे त्यांचा बापावर. पण ज्यांनी जन्मभर दार लावून इतरांना विचारले, त्यांना अजून कुणीही दार लावून विचारलेले नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणे आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारे, आजारी माणूस असेल, तर त्याला काय हवे हे तुम्हीच ठरवू नका आणि त्याच्याकडून पाठही करून घेऊ नका. शेजारी बसा, विचारा, आणि त्याने 'पण' म्हटले तर थांबा. जमल्यास एकदा आमच्या घरीही या. माझ्यावरचे पातेले उतरवा, मला पुसा आणि साहेबांच्या मांडीवर ठेवा. पातेल्याला दुसरी जागा मिळेल.